लिंदाल्वाची तिसरी निवडणूक

लिंदाल्वा आमच्या गल्लीतली एकुलती एक प्राध्यापक, आणि गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची एकुलती एक मुकी बाई. ग्रुपचं नाव ‘टेकडीवरचे शेजारी’. माणसं दोनशे बारा. सकाळी गुलाब आणि येशूचे आशीर्वाद, दुपारी कोणाचं तरी हरवलेलं मांजर, आणि निवडणूक जवळ आली की नुसता धुरळा. त्या धुरळ्याचाच लिंदाल्वाचा अभ्यास. प्रचार माणसाच्या खिशातल्या फोनमध्ये शिरला की कुठून कुठे जातो, कोण कोणावर भरवसा ठेवून तो पुढे ढकलतं, हे ती बावीस वर्षं शोधते आहे. आधी पक्षांच्या कचेऱ्यांतले संगणक, मग उमेदवारांची फेसबुकची पानं, आणि गेली सहा वर्षं आम्ही.

तिचा नियम एकच. ऐकायचं, नोंदवायचं, बोलायचं नाही. विद्यापीठाने परवानगी दिली ती त्याच अटीवर. दर जानेवारीत ती ग्रुपवर चार ओळींची सूचना टाकायची: मी संशोधक आहे, इथलं वाचते, कोणाचं नाव कुठे छापणार नाही. वर्षभरात तिचं लिहिणं तेवढंच. सूचनेखाली लोक न वाचता अंगठे दाखवायचे आणि विसरून जायचे. तीन वर्षांपूर्वी तिची आई गेली तेव्हा ग्रुपवर शंभरावर लोकांनी हात जोडले. तिने तिथे एकालाही उत्तर दिलं नाही. आठवडाभर संध्याकाळी ही टेकडी चढत-उतरत घरोघर जाऊन आभार मानले.

विद्यापीठात तिच्या कामाची थट्टाच जास्त. शेजारच्या खोलीतला जेनिवाल्दो रोज विचारायचा, “काय बाई, आज किती गुलाब मोजले?” वर्गात साठ मुलं, त्यांतली निम्मी निवडणूक जिंकायची युक्ती विचारणारी. दर निवडणुकीला कोणी ना कोणी उमेदवार फोन करून म्हणायचा, आमच्या प्रचारात या, पुस्तकं कोण वाचतं? ती नाही म्हणायची आणि पुन्हा कानाला फोन लावून कोणा अनोळखी काकांचं सात मिनिटांचं भाषण ऐकत बसायची.

दोन निवडणुका तिने अशा पूर्ण नोंदवल्या होत्या. तिसरी मिळाली की तुलना पुरी होणार होती. त्यावर पुस्तक, आणि पुस्तकावर सर्वांत वरच्या प्राध्यापकपदाचा अर्ज, डिसेंबरात. तिला अठ्ठावन्न वर्षं झाली होती. “एवढी एक होऊ दे,” ती मला म्हणायची, “मग मी नुसती झोपणार आहे.”

मतदानाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी मक्याचा केक घेऊन तिच्याकडे गेले. ती फोन कानाला लावून उभी होती. ग्रुप चालवणाऱ्या दोना क्रेउझांनी (वडीलधाऱ्या बाईला आम्ही दोना म्हणतो, पुरुषाला सेऊ) नुकताच एक बोललेला निरोप पाठवला होता. घोगऱ्या आवाजाचा माणूस सांगत होता: टेकडीवरच्या शाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, मतदान पुलाखालच्या क्रीडागृहात. मागे कोंबडा आरवत होता.

“हे चार वर्षांपूर्वीचं आहे,” लिंदाल्वा म्हणाली. “तेव्हा खरं होतं. हाच माणूस, हाच कोंबडा. माझ्याकडे तारखेसकट आहे.”

“अगं, मग सांग ना!”

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

“बरं, मी लिहू?”

“तू लिहिलंस तरी माझंच ऐकून लिहिणार ना? मग ते माझंच झालं.”

तेवढ्यात फोन किणकिणला. ग्रुपवर समोरच्या घरातल्या सेऊ आमारोंचा आवाज. वय एक्याऐंशी, हातात काठी. आमच्या देशात मत देणं सक्तीचं; सत्तरीनंतर ती सक्ती नाही, पण त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही. “पुलापर्यंत उतरायला मला दीड तास लागेल. पहाटेच निघतो. कोणी सोबत आहे का?” खाली लगेच आणखी चौघी म्हाताऱ्या: आम्ही येतो, आम्हीपण.

“क्रेउझांनी कोणाचं वाईट व्हावं म्हणून नाही पाठवलं,” लिंदाल्वा म्हणाली. “हे असंच जातं. प्रेमाने जातं. सहा वर्षं मी हेच लिहितेय.” ती खुर्चीत बसली. केकचा तुकडा तिने हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. मग फोन उचलून लिहिलं: मतदान नेहमीच्या शाळेतच आहे. हा आवाज चार वर्षांपूर्वीचा आहे. सेऊ आमारो, खाली उतरू नका.

पाच मिनिटांनी ग्रुपवर दोना क्रेउझा कडाडल्या.

“बाई, तुम्ही इथे होता? सहा वर्षं? माझ्या घरात बसून सगळं ऐकत होता आणि तोंड उघडलं नाही? आणि आज उघडलं ते मला खोटी पाडायला!”

“मी दर जानेवारीत सांगत होते, दोना क्रेउझा.”

“जानेवारीत कोण वाचतं!”

आणि त्यांनी लिंदाल्वाला ग्रुपमधून काढून टाकलं.

तिने वही उघडली, तारीख घातली आणि तिसऱ्या निवडणुकीच्या पानांवर आडवी रेघ मारली. “मीच बोलले, आता या नोंदी कामाच्या नाहीत,” एवढंच म्हणाली. मला रडू आलं, तिला नाही. ती फार दमलेली दिसत होती.

रविवारी शाळेत सेऊ आमारो रांगेत पहिले. दोना क्रेउझा फाटकाशी उभ्या होत्या. लिंदाल्वा आली तशी त्यांनी मान फिरवली. पण ती मत देऊन बाहेर पडताना आडव्या आल्या.

“उपाशी आलात वाटतं. तोंड बघा कसं झालंय.”

“झोप नाही झाली.”

“मलाही नाही.” मग हळूच, “घेतलंय तुम्हाला परत. आता मुक्या बसू नका म्हणजे झालं.”

घरी येईपर्यंत तिच्या फोनवर एकोणीस निरोप होते. बाई, हे खरं का? बाई, दवाखान्याचं हे ऐकलंत का? बाई, एवढं जरा ऐकून सांगा. ती ऐकते आहे हे विसरून जो ग्रुप बोलत होता, तो आता तिला विचारून बोलणार होता. अभ्यासाला त्याचा उपयोग शून्य.

“डिसेंबरचा अर्ज?” मी विचारलं.

“नाही करत.” तिने चपला काढल्या, पाय स्टुलावर ठेवले. “कॉफी टाकतेस? साखर जास्त घाल.”

मी आत गेले. बाहेर तिने पहिला निरोप लावला. कोणी काका बोलत होते, सात मिनिटं.