पोचेचा रकाना

साळवे गेल्याचा निरोप माझ्या मोबाइलवर तीनदा आला. नेटवर्क अडलं म्हणून त्यांच्या मुलीनं पुन्हा पुन्हा बटण दाबलं असणार. साळवे असते तर आधी तिच्यावर वैतागले असते... मग मी पोच दिली का, ते विचारलं असतं.

तार ऑफिसातून निवृत्त होऊन ते जुन्या जालन्यातल्या आमच्या बियाणे कंपनीत आले. मी तिथं उगवण चाचणी बघायचो. कंपनीनं तालुक्याच्या डेपोंना निरोप पाठवायला सर्व्हर घेतला, तेव्हा संचालकांनी फीत कापली. नारळ सर्व्हरच्या टेबलावरच फोडायला निघालेल्या मंडळींना साळव्यांनी आवरलं. त्या यंत्रासाठी त्यांनी केलेलं ते पहिलं दुरुस्तीकाम. सर्व्हर, फोन आणि फॅक्स यांना मिळून लाइन एकच. साळव्यांनी शेजारी एक लांबट वही ठेवली. निरोप काय, कुणाला, आणि शेवटचा रकाना पोचेचा. समोरच्यानं ‘मिळाला’ म्हटल्याशिवाय त्यात खूण होत नसे. म्हाताऱ्याची खोड, असं आम्ही म्हणायचो.

एका वर्षी पेरणीच्या तोंडावर कपाशीचा एक लॉट माझ्या चाचणीत नापास झाला. निम्मे दाणेसुद्धा उगवेनात. त्याच दिवशी डेपोंवरून पिशव्या गावोगाव जाणार होत्या, आणि लेखी हुकूम आल्याशिवाय डेपोवाले विक्री थांबवत नसत. मी निरोप पाठवला, तो जाईना. पुन्हा तीनदा पाठवला. सर्व्हर बंद करून चालू केला, तोही तीनदा. पडद्यावर अडलेल्या निरोपांची रांग वाढतच चाललेली.

“सर, मागून ढकलून राह्यले तुम्ही,” साळवे म्हणाले. “पुढं कोन उभाय ते तर बघा.”

पुढं संचालक उभे होते. फेटा, शाल, हातात मानचिन्ह, असा सत्काराचा भलामोठा फोटो, सर्व डेपोंना सस्नेह. लाइन मध्येच तुटे आणि फोटो पुन्हा फेट्यापासून सुरू होई. तो जाईना म्हणून त्यांच्या सहायकानं आणखी आठदा पाठवलेला. त्या नऊ फेट्यांच्या मागं माझ्या इशाऱ्याच्या चार प्रती.

“पुसून टाका ते सगळे!” मी ओरडलो.

“बिलकुल न्हाई. दुसऱ्याचा निरोप पुसायचा नसतो, सर. बाजूला बसवायचा.”

एकेक फोटो रांगेतून काढून ते वेगळा ठेवत होते आणि प्रत्येकाची वहीत नोंद करत होते, सुवाच्य अक्षरात! मला त्यांच्या हातातलं पेन हिसकावून घ्यावंसं वाटत होतं. नववा फोटो हलला आणि माझा निरोप निघाला. थोड्या वेळात रांग रिकामी. मी चहा मागवला. साळवे फोन घेऊन बसले. “मिळाला का? मंग लॉटचा नंबर वाचून दाखवा.” सगळीकडून पोच आली. फक्त अंबडला फोन कुणी उचलेना.

“अहो, गेलाय तो. पडद्यावर दिसतंय ना!”

“हितून गेला, सर. पोचला असं कुठं दिसून राह्यलं?”

निरोप कागदावर छापून घेऊन ते एसटीनं अंबडला गेले. तिथं नव्या संगणकाला धूळ लागू नये म्हणून त्याच्यावर फडकं घालून वर हार चढवलेला होता. पिशव्या टेम्पोत चढत होत्या. साळव्यांनी त्या उतरवून घेतल्या आणि मला फोन केला. मी शाबासकी द्यायला लागलो.

“ते ऱ्हाऊ द्या. वहीत अंबडपुढं खूण करा, मंग ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो परत रांगेत बसवले, नऊच्या नऊ. संचालकांनी बैठकीत सर्व्हरच्या तत्परतेवर भाषण केलं. साळवे तेव्हा आतल्या खोलीत फोन लावून फेट्यांची पोच घेत होते.

घरी बसल्यावरही त्यांची वही सुटली नाही. मोबाइलवरून पाठवलेले निरोपही ते तिच्यात उतरवून ठेवत. परवा त्यांच्या मुलीनं ती मला आणून दिली. शेवटची नोंद माझ्या नावाची: ‘सरांना. तब्येत बरी नाही. सवड झाल्यास यावे.’ हा निरोप मी वाचला होता. रविवारी जायचंच आहे, मग वेगळं काय कळवायचं, असं वाटलं होतं... रविवारच्या आधीच ते गेले.

पुढचा रकाना कोरा आहे. खूण करायला मी पेन उघडलं. पण समोरच्यानं ‘मिळाला’ असं पाठवणाऱ्याला सांगितल्याशिवाय खूण करायची नाही, हा नियम त्यांचाच. माणसानं इतकं काटेकोर असू नये.

वही टेबलावर आहे. पेनही तिथंच.