गोळीचं पाणी

विरारच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बोअरचं पाणी यायचं. त्यात चहा केला की काळाकुट्ट व्हायचा, बादल्यांच्या तळाशी तांबडा गाळ बसायचा. पाण्यात लोखंड आहे आणि चहातलं काहीतरी त्याला धरून ठेवतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सोसायटीच्या मीटिंगला तक्रार व्हायची आणि वडापाव आले की विसरली जायची.

आमच्या घरात मात्र लोखंड हा शत्रूच होता. धाकट्या बहिणीला थॅलेसेमिया होता. दर महिन्याला तिला रक्त चढवावं लागे आणि त्या रक्तातलं लोखंड शरीरात, हृदयात साठत जाई. जे रक्त तिला जगवत होतं तेच तिला मारतही होतं, याचा मला आजही संताप येतो. "मला भंगारात घाला, भाव चांगला येईल," असं ती हसत म्हणायची. आई उठून आत निघून जायची.

हे लोखंड बाहेर काढायला रोज सकाळी एक गोळी असे. खेकडा नांग्यांत धरतो तसं हे औषध लोखंड धरतं आणि बाहेर नेतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. गोळी ग्लासभर पाण्यात ढवळली की पाणी दुधाळ होई. एकदा फिल्टर बिघडला म्हणून आईने बोअरचं पाणी घेतलं, आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून ग्लास ओट्यावरच राहिला. नंतर बघते तर पाण्याला तांबूस झाक आलेली.

बाबा हबकलेच. "औषध ग्लासातच संपलं की! पोरीच्या पोटात काय जाणार?"

डॉक्टर म्हणाले, पाण्यातलं लोखंड नखाएवढंही नाही, रक्ताच्या पिशवीतून येतं त्यापुढे ते काहीच नाही. बाबांना पटलं नाही, फिल्टरवरही त्यांचा भरवसा उरला नाही. पिशवीशी भांडता येत नव्हतं, पाण्याशी येत होतं. ते स्कूटरवर कॅन ठेवून नंदाखालच्या एका वाडीतल्या विहिरीचं पाणी आणू लागले. वाडीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "पोरीसाठी पानी नेता, त्यात विचारायचं काय?" अंगात ताप असतानाही बाबांनी खेप चुकवली नाही.

"बाबा, पाण्याने काही होत नाही हो," बहीण वैतागून म्हणायची आणि ग्लास रिकामा करायची.

गेल्या वर्षी ती गेली. हृदयच थांबलं.

यंदा आमच्याकडे नळाचं पाणी आलं. सोसायटीने पेढे वाटले. संध्याकाळी बाबा ओट्यापाशी उभे दिसले. तिच्या उरलेल्या गोळ्यांपैकी एक त्यांनी नळाच्या पाण्यात ढवळली होती आणि ते ग्लासाकडे बघत होते. बराच वेळ झाला तरी पाणी पांढरंच होतं.

"बघ," ते म्हणाले, "हे आधी आलं असतं तर..."

डॉक्टरांचं म्हणणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

"हो बाबा," मी म्हणाले. "पाणीच वाईट होतं."