गादीच्या उंचीवरचा समुद्र

मोहना सबनीस कुणाच्या घरी टाकी लावायला गेली की आधी चपला काढायची, मग पर्समधून टेप काढायची आणि नंतरच पाण्याचा घोट घ्यायची. चहाला ती कधी नाही म्हणत नसे, पण चहा मापं घेऊन झाल्यावर. चोपन्न वर्षांची ठेंगणी बाई, केस खांद्यापर्यंत कापलेले, बोलणं मोजकं आणि ठाम. घरात खाऱ्या पाण्याची टाकी लावून तिच्यात प्रवाळ वाढवून देणारी माणसं बडोद्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांत बाई ती एकटीच.

तिचे वडील रेल्वेतले. मिरजेहून प्रतापनगरच्या वर्कशॉपात बदली होऊन आले आणि इथलेच झाले. मोहना इथेच शिकली, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि नंदेसरीच्या एका कारखान्याच्या पाण्याच्या लॅबमध्ये लागली. बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं हे तिचं काम. पाण्यात क्षार एवढासा जास्त गेला तर नळ्यांना आतून थर धरतो, म्हणून तिच्या सहीशिवाय पाणी पुढे जात नसे. चोवीस वर्षं तिने ती सही केली. मग कारखान्यात आपोआप तपासणारी यंत्रं आली आणि माणसांना पैसे घेऊन घरी बसायचा पर्याय मिळाला. मोहनाने तो घेतला, पण घरी बसणं काही तिला जमलं नाही.

हरणीला तिचा आतेभाऊ सलील राहायचा. त्याने हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी घेतली होती आणि तिच्यात दर महिन्याला मासे मरायचे.

"पाणी कुठलं घालतोस?" तिने विचारलं.

"नळाचं. वरून औषध टाकतो ना."

मोहनाने एक बाटली भरून घरी नेली, तपासली, आणि पुढच्या रविवारी त्याच्या गच्चीवर पाणी गाळायची तीन नळकांडी बसवून दिली. मासे जगले. सलीलच्या मित्राने बोलावलं, मग त्या मित्राच्या मेव्हण्याने. वर्षभरात तिच्याकडे आठ टाक्या झाल्या. तिचा नवरा हेरंब शाळेत भूगोल शिकवायचा. तो वाळूची पोती उचलायला एका पायावर तयार, पण पाण्यात हात घालायला मात्र नाही. दुकानदार तिला 'मोहनाबेन' म्हणू लागले, आणि "चालशे", म्हणजे "चालेल", या शब्दाचा तिला मनस्वी राग आहे हेही हळूहळू सगळ्यांना कळलं. तिच्या मते पाणी एक तर बरोबर असतं, नाही तर नसतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिला बडोद्यातल्याच अकोट्याहून पीयूष घोरपडेचा फोन आला. छपाईयंत्रांचे सुटे भाग विकणारा माणूस, वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलण्यात घाई. त्याची आई विमलताई बाथरूममध्ये पडली होती आणि खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. हाड जुळायला वेळ लागत होता, त्यामुळे त्या बराच काळ खाटेवरच होत्या. आईच्या खोलीत टाकी लावायची, तिचा वेळ जाईल, असं त्याच्या मनात होतं.

मोहना गेली तेव्हा त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पुढे केला. तळाला नुसती काच आणि वरून निळाजांभळा झगमगाट. "मोहनाताई, अगदी अस्सं पाहिजे. वाळूबिळू नको, कचरा साठतो म्हणे. आणि पंधरा दिवसांत झालं पाहिजे, पाहुणे येताहेत."

"पंधरा दिवसांत पाणी भरून होईल," मोहना म्हणाली. "जीव सोडायला दीड महिना लागेल."

"पैशाचा प्रश्न नाही."

"पैसे जास्त घेऊन जंतू लवकर वाढत नाहीत. माशांची घाण पचवणारे जंतू आधी दगडात आणि वाळूत वसायला हवेत. त्यांना त्यांचा वेळ लागतो."

"मला कुणी विचारलंय का?" खाटेवरून आवाज आला.

विमलताई तीस वर्षं शाळेत खेळाच्या बाई होत्या. अंग वाळलं होतं, पण आवाज अजून मैदानापलीकडे पोचणारा होता. "काचेच्या तळाकडे मी काय बघू? समुद्र म्हटला की वाळू आली. वाळू पाहिजे मला."

"वाळू घालू," मोहना म्हणाली, आणि टेप काढून तिने आधी टाकीची जागा न मोजता गादीची उंची मोजली. एकोणीस इंच. स्टँड नेहमीसारखा कमरेएवढा केला असता तर पडल्या पडल्या विमलताईंना टाकीचं बूड दिसलं असतं. तिने स्टँड सतरा इंचाचा ठरवला, म्हणजे वर दोन इंच वाळू धरली की ती बरोबर गादीच्या उंचीला येईल.

पुढच्या खेपेला पीयूष दारातच उभा होता. शेजारी एक गच्च भरलेलं पोतं.

"तुमचं काम सोपं केलंय. रविवारी समुद्रावर गेलो होतो, तिथून खरी वाळू आणली. आणि एक माणूस जिवंत दगडसुद्धा आणून देतो म्हणतोय, समुद्रातून काढलेले."

"त्या माणसाला नाही सांगा. समुद्रातून प्रवाळ आणि दगड उचलणं गुन्हा आहे, आणि नसता तरी मी घेतले नसते. आपण सिमेंटचे ओतलेले दगड वापरू, आणि प्रवाळ टाकीत वाढवलेले, कागदपत्रं असलेले." मग ती पोत्याकडे वळली. "कमलाबेन, थोडं व्हिनेगर मिळेल?"

कमला ही विमलताईंची देखभाल करणारी बाई. तिने व्हिनेगर आणि दोन बशा आणल्या. मोहनाने एका बशीत पोत्यातली चिमूटभर वाळू घेतली, दुसरीत स्वतःच्या पिशवीतली पांढरी, आणि दोन्ही बशा विमलताईंना दिसतील अशा धरल्या. व्हिनेगर पडताच पांढरी वाळू सोडा-लिंबासारखी फसफसली. पोत्यातल्या वाळूत कुठे एखादा शिंपल्याचा कण बुडबुडला, बाकी ढिम्म.

"ही प्रवाळाची आणि शंखांची भुकटी आहे. पाणी आंबट व्हायला लागलं तर ती विरघळून सावरते," मोहना म्हणाली. "तुमची वाळू दगडाची आहे. त्यात गाळ आहे, तेल असेल, आणखी काय काय असेल. खड्डा बुजवायला चालेल."

"पीयूष, कुंड्यांत घाल ती," विमलताई म्हणाल्या.

"मीठ आहे हो त्यात, झाडं मरतील," मोहना म्हणाली, आणि विमलताई खाटेवर पडल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसल्या, असं नंतर कमलाने सांगितलं.

टाकी लागली ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. मोहनाने आधी दगड थेट काचेच्या तळावर टेकवले. नंतर एखाद्या जिवाने खालून वाळू उकरली तरी दगड कलंडायला नको म्हणून. मग हेरंबने आणलेली वाळू बादलीत आठ पाण्यांनी धुऊन तिने पसरली, दोन इंच जाड. वाळूवर जेवायचं ताट पालथं ठेवून त्यावर पाण्याची बारीक धार सोडली, म्हणजे खड्डा पडत नाही. तरी व्हायचं ते झालंच. सगळी टाकी ताकासारखी पांढरी झाली. पीयूषने संध्याकाळपर्यंत तीन फोन केले. तिने तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं, "परवा सकाळी बघा." परवा सकाळी पाणी काचेसारखं झालं होतं.

पाहुणे आले, रिकामी टाकी बघून गेले. नंतर वाळूवर तपकिरी थर धरला. पीयूषला तो घाण वाटला. मोहनाने सांगितलं की ही नव्या टाकीची गोवरासारखी गोष्ट आहे, अंगावर येते आणि जाते. ती दर शनिवारी यायची, पाणी तपासायची, आकडे वहीत मांडायची. सहाव्या शनिवारी ती म्हणाली, "आता घर तयार आहे."

पहिले प्रवाळ आले, नखाएवढे तुकडे. पीयूषला दिवे पूर्ण पेटवून हवे होते. मोहनाने ते वीस टक्क्यांवर ठेवले. "उन्हाची सवय नसलेल्या माणसाला मे महिन्यात एकदम दुपारी बाहेर उभं करून बघा. दर आठवड्याला पाच टक्के वाढवू." तिने उजेड मोजायचं यंत्र वाळूवर वीस ठिकाणी धरून आकडे घेतले. जास्त उजेडाचे प्रवाळ वरच्या दगडावर ठेवले आणि कमी उजेडाचे खाली कडेला. काम चोख झालं म्हणून ती खूश होती.

पुढच्या शनिवारी ती आली तर विमलताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"काय झालं? आवडलं नाही?"

विमलताईंनी डोळ्यांवर हात धरून मान वळवली. मग म्हणाल्या, "टाकी सुंदर आहे. मला दिसत नाही, इतकंच. तुझा दिवा डोळ्यांत जातो. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मोहनाने दिव्याकडे बघितलं. उभ्या माणसाच्या डोळ्यांना तो अजिबात लागत नव्हता. "कमलाबेन, ताईंना व्यायामाला खुर्चीत घेणार ना? मी पाच मिनिटं त्यांच्या जागी निजते."

ती खाटेवर आडवी झाली, उशीवर डोकं टेकवलं आणि मान वळवली. झटक्यात तिने डोळे मिटले. दिव्याच्या चौकटीखालचे सगळे बिंदू सुयांसारखे थेट तिच्याकडे रोखलेले होते. वाळूवरच्या वीस जागा तिने मोजल्या होत्या, आणि उशीवरची एक मोजली नव्हती. चोवीस वर्षं सही करणाऱ्या बाईला ही गोष्ट चांगलीच लागली.

"माझी चूक झाली," पडल्या पडल्याच ती म्हणाली. "आजच दुरुस्त करते."

पण ती लगेच उठली नाही. दिव्याच्या आड हात धरून ती बघत राहिली. इथून टाकी वेगळीच होती. वरचे दगड आणि त्यांवरचे महागाचे प्रवाळ नजरेच्या वर राहत होते. डोळ्यांसमोर होता तो काचेला टेकलेला वाळूचा पट्टा. त्यात हिरव्या रेषा पडल्या होत्या, मध्येच हवेचे बुडबुडे अडकले होते, आणि सुतासारखा एक किडा काचेलगत स्वतःची वाट काढत चालला होता. इतक्या टाक्या लावून तिने वाळूकडे असं कधी बघितलं नव्हतं. तिच्यासाठी ती आजवर फक्त एक थर होती, इतके इंच आणि इतके किलो.

"ताई, तुम्ही दिवसभर काय बघता?"

"तो किडा बघते. डोळ्यांवर हात धरून. काल दगडापर्यंत गेला होता."

त्याच दुपारी मोहनाने खाटेच्या बाजूने दिव्याला काळी सहा इंची पट्टी लावली आणि दिवा मागच्या बाजूला सरकवला. विमलताईंच्या उठण्या-झोपण्याच्या वेळा विचारून दिवा सकाळी सावकाश उजळेल आणि रात्री नऊपर्यंत मावळेल असा लावला. मग पुन्हा उशीवर डोकं टेकवून खात्री केली. आठवड्याने तिने खाटेकडच्या बाजूची वाळू साडेतीन इंच केली आणि तिच्यात प्रवाळाचे जाडे तुकडे मिसळले. नुसत्या बारीक वाळूत बीळ टिकत नाही, ढासळतं.

"बीळ कुणाचं?" पीयूषने विचारलं.

"येताहेत राहायला दोघं."

दोघं आले, एक बोटाएवढा गोबी मासा आणि एक आखूड, पट्ट्यापट्ट्यांची कोळंबी. त्या कोळंबीला धड दिसत नाही, पण एका नांगीने ती मोठ्याने टिचकी मारते. ती दिवसभर बीळ खणते आणि मासा दारात पहारा देतो. बाहेर येताना ती आपली मिशी माशाच्या अंगावर टेकवून ठेवते. माशाने शेपूट हलवली की दोघं आत. विमलताईंनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा कमलाला हाक मारून दाखवलं. "बघ, मला संडासला नेतेस तेव्हा आपण अशाच दिसत असू."

"तमे पण ने, बा," तुमचं आपलं काहीतरीच अशा सुरात कमला म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

विमलताईंनी वही मागवली. कोळंबीने आज कुठला खडा कुठे नेला, बिळाला दुसरं दार केव्हा पडलं, सगळं त्या लिहू लागल्या.

ऑगस्टमध्ये एका दुपारी पीयूषचा फोन आला. आवाज बसलेला. "मोहनाताई, कोळंबी मेली. चार दिवस दिसत नव्हती, आज वाळूवर पडलीय. आईला कसं सांगू? ती झोपलीय."

मोहना पाणी तपासायचं सगळं सामान घेऊन निघाली. पुलावरच्या रहदारीत ती मनातल्या मनात आकडे चाळत होती. क्षार बरोबर, तापमान बरोबर, पाणी थंड ठेवणारा चिलर चालू. तिला काही सापडेना. खोलीत शिरली तर विमलताई जाग्या होत्या आणि वाळूवर खरंच ते पट्ट्यापट्ट्यांचं शरीर पडलेलं होतं.

"हा सकाळपासून माझ्यापासून लपवतोय," विमलताई मुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "अरे, मी इथेच असते. माझ्याआधी तू काय बघणार? नीट बघ, ती आतून पोकळ आहे. पलीकडची काच दिसतेय तिच्यातून."

मोहना खाली बसली. वाळूवरची कोळंबी अगदी तशीच होती, रिकामी आणि कागदासारखी पातळ. "कात टाकलीय," ती म्हणाली.

"मला कळलंय ते. आणि मेलेली असती तर टिचकी कुणी मारली असती? सकाळपासून दोनदा मारलीय. थांबा जरा, बोलू नका."

तिघांनी टाकीकडे कान केले. कमलाने पंखासुद्धा बंद केला. बऱ्याच वेळाने वाळूच्या आतून स्पष्ट आवाज आला, टक्, कुणी काचेवर नख मारावं तसा. पीयूष दचकला. बिळाच्या दारातला मासा मात्र जागचा हलला नाही.

मोहनाने तरीही पाणी तपासलं, कारण शनिवार उद्यावर होता आणि आलोच आहोत तर. आकडे बरोबर होते. विमलताईंनी आपल्या वहीत तारीख आणि वेळ लिहिली आणि मोहनाला म्हणाल्या, "तुझ्याही वहीत लिही. पुढची कात किती दिवसांनी टाकते ते आपण बघू."

दिवाळीपर्यंत विमलताई वॉकर धरून फाटकापर्यंत जाऊ लागल्या. पीयूषने लगेच विषय काढला, आता टाकी उंच करून बैठकीत हलवू, चार लोक बघतील. मोहनाने त्याला सगळं पुन्हा उपसण्याचा हिशेब सांगायला तोंड उघडलं, पण विमलताईंनी तिला बोलू दिलं नाही.

"टाकी आहे तिथेच राहील," त्या म्हणाल्या. "चार लोकांना बघायचं असेल तर माझ्या खोलीत यावं, आणि त्यांना सांग, आडवं होऊन बघावं लागतं."

त्या दिवाळीत अकोट्यातल्या त्या घरी फराळाला आलेल्या बऱ्याच मंडळींनी चपला काढल्या आणि पाळीपाळीने विमलताईंच्या गादीवर निजून वाळू बघितली. त्यांतल्या दोघांनी जाताना मोहनाचा नंबर घेतला.