जमवू की

मुंबईहून जी बाई त्या थंडीत आमच्या घरी येऊन राहून गेली, तिचा मला आजही तिटकारा आहे. तेव्हा आईच्या धाकानं मी तिला 'अहो' म्हणत होते, ती पाठमोरी झाली तरी 'त्या' म्हणत होते. आता धाक दाखवायला आई नाही आणि लिहिणारी मी आहे, तेव्हा 'ती'च म्हणणार.

सत्तर-एकाहत्तर सालची संक्रांत असावी. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचो. वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, सरकी-पेंडीचं दुकान होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. थोरली बहीण, आक्का, मॅट्रिक होऊन शिवणाचा क्लास करून घरी होती आणि तिचं लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणं येऊन गेली होती. एकाला तिचा रंग नडला, दुसऱ्याला उंची. तिसरं हे मुंबईचं. आण्णांच्या मावसभावानं सुचवलेलं. मुलगा गोदीत कारकून, एकुलता एक, घरात तो आणि आई. आई येणार होती, पण निरोप असा की मुलगी बघायला म्हणून नव्हे, सहज. थंडीत कोल्हापूर बघायचं आहे, खरेदी करायची आहे, संक्रांतही तिकडंच करू.

आमच्यात असलं सहज काही नसतं. मुलगी बघायला येतात ती माणसं पोहे खातात, चार प्रश्न विचारतात आणि जातात. बरंवाईट जे असेल ते आठवड्यात कळतं. ही बाई बाडबिस्तरा घेऊन आली. येताना रिकामी मोठी ट्रंक होती, आणि ट्रंक रिकामी का हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

आल्या आल्या दारातच तिनं नाक उडवलं. पेंडीचा वास येतो म्हणाली. दुकान खालीच होतं, वास येणारच. मग थंडी बोचते म्हणाली, मुंबईत अशी थंडी नसते. अंबाबाईच्या देवळात नेलं तर दगड काळा फार, म्हणाली. रंकाळ्यावर नेलं तर आमच्या चौपाटीपुढं हे म्हणजे डबकंच की हो, असं हसत हसत म्हणाली आणि भेळेचे दोन पुडे एकटीनं संपवले. तिला काही दाखवावं आणि तिनं मुंबईचं काहीतरी काढून त्यावर ठेवावं, असा तो सगळा कार्यक्रम होता. आण्णा दुकान बंद ठेवून बरोबर फिरत होते. "व्हय, व्हय, मुंबई ती मुंबईच," असं म्हणत होते. ज्या माणसानं पेठेत कुणाचं कधी ऐकून घेतलं नाही, तो माणूस असा मान डोलावत चाललेला बघून माझं डोकं फिरायचं.

तिसऱ्या दिवशी चपलांच्या दुकानांच्या ओळीत तिनं दुकानदारांची दुपार खाल्ली. प्रत्येक दुकानात दोन्ही पायांत चप्पल घालायची, रस्त्यापर्यंत चालून यायचं, करकर वाजते का बघायचं आणि काढून ठेवायची. शेवटच्या दुकानदारानं आण्णांना बाजूला घेऊन विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं?" आण्णा म्हणाले, "मुंबईचं. आमच्या घरातलंच समजा." त्या 'घरातलंच'वर दुकानदारानं भाव उतरवला, आणि बाईनं एकाऐवजी चार जोड घेतले.

हुपरीला आईच्या माहेरच्या नात्यातलं एक घर आहे, घरातच पैंजण करतात. तिथं एस.टी.नं नेलं. घरची बायकामाणसं खाली बसून घुंगरं जोडत होती. ही त्यांच्यामधूनच पदर सांभाळत फिरली, एकेक पैंजण कानाशी नेऊन खुळखुळवून बघत होती. "घरच्या भावात द्या हं," असं ती तीनदा म्हणाली. आईच्या चुलतभावानं आण्णांकडं पाहिलं, आण्णांनी डोळे मिटून उघडले, आणि घरचा भाव लागला. जोतिबाला नेलं तर तिथं कुणी उधळलेला गुलाल हिच्या पातळावर पडला. देवाच्या डोंगरावर गुलाल पडणार नाही तर काय अत्तर पडणार? परतीच्या सगळ्या वाटेवर ती पदर झटकत बसली आणि गाडीतल्या माणसांकडं असं बघत होती, की जणू त्यांनीच कट करून टाकला.

हे सगळं मी सोसलं असतं. पण तिला आमच्या बोलण्याची गंमत वाटायला लागली. आमच्या बोलण्यातला 'की' तिनं उचलला. कुणी चहा विचारला की "घेऊ की." जेवायला बसायचं का? "बसू की." वर स्वतःच खळखळून हसायची आणि आमच्या तोंडाकडं बघायची, आम्ही हसतो का म्हणून. आम्ही हसत होतो. आई तर पदर तोंडाला लावून हसायची. पावणं करमणूक करून घेतंय, घेऊ दे.

इथं हा 'की' काय असतो ते सांगायला पाहिजे. बाहेरच्यांना तो बोलण्याचा झोक वाटतो. तो झोक नाही, तो शिक्का आहे. आण्णांनी गिऱ्हाइकाला "सकाळी देतो" म्हटलं तर गिऱ्हाईक उभं राहायचं, आणखी एकदा विचारायचं. "देतो की" म्हटलं, की पिशवी खांद्याला मारून घरी जायचं. 'येतो' म्हणणारा येईल न येईल. 'येतो की' म्हणणाऱ्याचं पान मांडून ठेवायचं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आम्ही बोलायला लागतो तेव्हापासून ते आम्हाला ठाऊक असतं.

भोगीच्या दिवशी आण्णांनी तिला ओळखीच्या गुऱ्हाळावर नेलं. आम्ही सगळेच होतो. थंडीत गुऱ्हाळासारखी जागा नाही. चुलाण धडधडत असतं, काहिलीत रस उकळत असतो, ऊबही मिळते आणि खायलाही. बाईनं उसाचा रस घेतला, काकवी चाटली, ताज्या गुळाचा गरम गोळा हातावर घेतला आणि चक्क कशालाही नाव ठेवलं नाही. आण्णा इतके दिवस याच घडीची वाट बघत होते. मी शेजारीच उभी होते, म्हणून शब्द न् शब्द आठवतो.

"मग पावणं," आण्णा म्हणाले, "आमच्या पोरीचं कसं करूया? जमवायचं न्हवं?"

बाईच्या तोंडात गूळ होता. तिनं तो एका गालात सारला, मान वाकडी केली आणि डोळे मिचकावत म्हणाली, "जमवू की."

आणि हसली. आण्णाही हसले, पण वेगळं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. गुऱ्हाळवाल्याला हाक मारून एक अख्खी ढेप बाईसाठी बांधून द्यायला सांगितली. मी आक्काकडं बघितलं. ती काहिलीकडं तोंड करून उभी होती आणि चुलाणाच्या उजेडात तिचे कान लाल दिसत होते.

त्या संध्याकाळी आण्णा तालमीच्या कट्ट्यावर गेले ते साखरेचा पुडा घेऊनच. कट्ट्यावर वाटली, गल्लीत वाटली, समोरच्या पिठाच्या गिरणीत वाटली. पोरीचं जमलं म्हणून सांगितलं. आम्ही दोघी घरी तिळगुळाच्या वड्या थापत होतो. आक्का एरवी कामात बोलत नाही. त्या दिवशी तिनं मला विचारलं, मुंबईत नळाला दिवसभर पाणी असतं का गं. आणि मग, शिवणाचं मशीन लावायला त्या लोकांच्या खोलीत जागा असेल का. मला काय माहीत? मी म्हटलं, "असेल की." तिनं सगळ्यात चांगल्या वड्या एका डब्यात वेगळ्या काढल्या. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

संक्रांतीच्या दुपारी हळदीकुंकू होतं. बायका दरवर्षीपेक्षा जास्त आल्या, कारण बातमी पेठभर झाली होती आणि मुलाची आई कशी दिसते हे सगळ्यांना बघायचं होतं. ती मधोमध सतरंजीवर बसली होती, हुपरीचे नवे पैंजण पायात घालून. या वयात पैंजण. आई तिची ओटी वेगळी भरत होती, नारळ मोठा निवडलेला. आमच्या गल्लीत बांगड्या भरायला येणाऱ्या भाभी होत्या. त्यांच्या सासूपासून आमच्या घरी त्यांच्याच हातचा चुडा. संक्रांतीला त्या टोपलं घेऊन यायच्याच. त्यांनी आक्काचा हात हातात घेऊन माप बघितलं आणि सरळ मनानं बाईला विचारलं, "पावणं, हिरवा चुडा कधी भरायचा पोरीला? माल मागवून ठेवते म्हणजे."

"कसला चुडा?" बाई म्हणाली.

"लग्नाचा की."

बाईनं आईकडं बघितलं. आईनं, बिचारीनं, मान डोलावून हसून दाखवलं. मग बाईला सगळं ध्यानात आलं, आणि ती हसायला लागली. ओशाळून हसली असती तर मी तिला माफ केलं असतं. ती मजेनं हसली, पोट धरून.

"अहो, ते होय? ते मी आपलं तुमच्यासारखं बोलले, गमतीनं," ती म्हणाली. "जमवू की, येऊ की, जाऊ की. तुमच्या तोंडी फार गोड लागतं ना ते. अजून कशात काही नाही. पत्रिका बघायची, मुलाला विचारायचं. आणि इथून मी सांगलीला जाणार आहे, तिथलीही एक मुलगी बघायची आहे."

हे दहाबारा बायकांनी ऐकलं. भाभींच्या हातात आक्काचा हात तसाच होता. त्यांनी तो सोडला नाही, दुसऱ्या हातानं टोपल्यातल्या साध्या लाल बांगड्या काढल्या आणि एकेक करून भरायला लागल्या, जणू त्याच भरायला आल्या होत्या. आक्का मान खाली घालून बसली होती. भरून झाल्यावर ती उठली, ताट घेतलं आणि पहिल्यांदा त्या बाईच्याच हातावर तिळगूळ ठेवला. 'गोड बोला' तेवढं तिनं म्हटलं नाही. बाईनं वडी तोंडात टाकली आणि छान झालीय म्हणाली.

माणसाला लाज असती तर संध्याकाळची गाडी पकडली असती. पण दुसऱ्या दिवशी किंक्रांत. किंक्रांतीला प्रवास करू नये, हे बाईला नेमकं ठाऊक होतं. सगळं मुंबईचं श्रेष्ठ, पण ही रीत मात्र ती कोल्हापूरकरांपेक्षा कडक पाळत होती. आण्णांना ती म्हणाली, उद्याचा दिवस राहू ना. आण्णा म्हणाले, "ऱ्हावा की." आणि तो 'की' खरा होता, हे मला सहन होत नव्हतं. दारात आलेलं माणूस पावणं असतं, त्यात त्यांच्या मते दुसरं काही बसत नव्हतं.

किंक्रांतीला मटण झालं. बाईनं तांबडा रस्सा दोनदा मागून घेतला आणि पांढरा वाटीला तोंड लावून प्याली. आण्णा जेवायला नव्हते. ते सकाळपासून गल्लीत फिरत होते. ज्या ज्या घरी साखर दिली होती त्या त्या घरी जाऊन सांगत होते, माझ्या ऐकण्यात चूक झाली. बाईचं नाव काढत नव्हते. माझे कान, माझी चूक. दुपारी पिठाच्या गिरणीवाल्यानं मला सांगितलं, आण्णा दारातच उभे राहिले, आत बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ते सगळं ऐकून मी घरी आले तेव्हा बाई ट्रंक भरत होती. गुळाची ढेप मावत नव्हती. तिनं मला विचारलं, जरा दाबून धरतेस का गं. आईनं डोळे वटारले म्हणून मी ट्रंकेचं झाकण दाबून धरलं. नाहीतर तिचीच बोटं धरायची होती त्यात.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी तिला स्टँडवर नेऊन सांगलीच्या गाडीत खिडकीपाशी बसवलं आणि घरी आले. आईनं पानं घेतली. आम्ही चौघंच होतो, किती दिवसांनी. आण्णा पाटावर बसले आणि ताटाकडं बघत राहिले. आईनं भात वाढला, आमटी वाढली, ती निवत चालली तरी त्यांचा हात हलेना. मग ताटाकडं बघूनच ते आक्काला म्हणाले, "पेठंत तुला मान वर करून चालायला जागा ठेवली न्हाई मी."

आक्का भाकरी घेऊन आली होती. ती त्यांच्या शेजारी खाली बसली.

"आण्णा, बरं झालं," ती म्हणाली. "मला कुणी इचारलं असतं तर मीच नको म्हटलं असतं की. असली सासू कोण गळ्यात बांधून घेतंय? पहिल्याच दिवशी ठरीवलं होतं मी."

ती हसून बोलत होती, आवाजही नीट होता. आमच्यापैकी एकानंही त्यावर विश्वास ठेवला नाही, आण्णांनी तर नाहीच. त्यांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं.

"व्हय?" ते म्हणाले.

"व्हय तर," आक्का म्हणाली आणि त्यांच्या ताटात भाकरी मोडून दिली. आण्णांनी तो तुकडा उचलला आणि तोंडात घातला.