तणसातला अननस

मौदा गावाकडून नंदनवन वस्तीत राहायला येताना चंपतरावांनी सामानासोबत एक पोतं तणसही आणलं. धानाचा पेंढा, पिवळाधमक, उन्हात खडखडीत वाळलेला. शहरातल्या घरात तणसाचं काय काम, असं गाडीवाल्याने विचारलं, तेव्हा चंपतरावांनी पोतं स्वतःच उचलून आत नेलं.

ते तणस दर उन्हाळ्यात त्यांच्या पलंगाखाली पसरतं. त्यावर कडक हिरवे आंबे, आंब्यांवर पुन्हा तणस, वर पोत्याचं घट्ट झाकण. याला आमच्याकडे माच लावणं म्हणतात. माच कधी उघडायचा हे फक्त चंपतराव ठरवतात. ते पलंगावर बसतात, डोळे मिटतात, श्वास आत ओढतात आणि सांगतात, "आज नाही." मग त्या दिवशी कोणीच पोत्याला हात लावत नाही. गल्लीतले शेजारीसुद्धा आपले आंबे त्यांच्या माचात आणून टाकतात. आयतं पिकलेलं फळ विकत घेणं चंपतरावांना आपल्या हाताचा अपमान वाटतो.

त्यांच्या सुनेला, दामिनीला, मात्र आंब्याहून अननस प्रिय. तिचं माहेर कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतलं. तिथे ती अननसावरच वाढली म्हणा ना. पण ती पोटुशी राहिली आणि सासूबाईंनी, गोपिकाबाईंनी, अननस बंद केला. गरम फळ, पोटुशीनं खाऊ नये. विहंग झाला, अंगावर पिऊ लागला, तरी बंदच. रस्त्यात अननसाचा ठेला दिसला की दामिनीची मान तेवढी आपोआप तिकडे वळायची.

गोपिकाबाईंना ती मान दिसायची. एकदा त्या म्हणाल्या, "विहंगचं उष्टावण होऊ दे वं. त्या दिवशी तुह्यासाठी अननस कापतो. पहिली फोड तुही."

"खरंच आई?"

"खरंच म्हंजे? गल्लीतल्या बायांसमोर कापतो."

उष्टावणाची तारीख ठरली आणि चंपतराव म्हणाले, "अननस मी आणतो."

चौकातल्या विश्वनाथच्या ठेल्यावर पिवळे अननस रचलेले होते. चंपतरावांनी ते बाजूला सारले आणि खालून एक हिरवागार, दगडासारखा अननस ओढून काढला.

"काका, हा कच्चा हाये. हा पिवळा घेऊन जा नं, गोड निंगन."

"पिकवणं माह्याकडे लागलं. तू फक्त पिशवीत टाक."

"अननस पिकवता तुमी?"

"तणसात काय नाही पिकत गा?"

अननस आंब्यांच्या शेजारी निजला. रोज सकाळी चहाच्या आधी चंपतराव पोतं उचलून पाहत. आणि काय सांगावं, अननस पिवळा होऊ लागला! आधी बुडाशी, मग हळूहळू वर, डोळ्याडोळ्यातून रंग चढत गेला. चंपतराव दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत. दामिनी लेकराला मांडीवर घेऊन हे सगळं पाहायची आणि पदराआड हसायची. सासऱ्यांना वाटायचं, सून खूश आहे.

उष्टावण झालं. विहंगने खीर चाटली, अर्धी आजीच्या लुगड्यावर टाकली. मग सतरंजीवर बसलेल्या बायांसमोर चंपतरावांनी स्वतः अननस कापला. पहिली फोड दामिनीच्या हातात दिली.

दामिनीने ती खाल्ली. तिचा एक डोळा मिटला. दुसरा तिने मोठ्या हिमतीने उघडा ठेवला.

"चांगला हाये, मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली.

चंपतरावांनी एक फोड तोंडात टाकली. त्यांच्या मिशा वर गेल्या, कान हलले. आंबट! चिंचेने लाजावं असा आंबट. बाया लुगड्याच्या पदरात तोंड लपवू लागल्या.

"याले चांगला म्हंतेस?" चंपतराव म्हणाले. "खरं सांग वं."

दामिनीने मान खाली घातली. "मामाजी, अननस झाडावर असला तवरीकच गोड होते. तोडल्यावर रंग येते, नरम होते, पण गोडी वाढत नाही. आमच्या शेजारी केरळच्या काकू होत्या, त्यायनं सांगितलं होतं."

"मंग आधी काहून नाही बोलली?"

"तुमी रोज सकाळी पोतं उचलून त्याच्याशी बोलून राहिले होते. मले लय मजा येत होती."

गोपिकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस माचावरून सख्ख्या भावाशी भांडलेला. सुनेला कबूल केलेली गोड फोड आता आंबटच राहणार, असं त्यांना वाटलं.

चंपतरावांनी धोतराला हात पुसले. "चाल सुनबाई, चप्पल घाल."

"कुठं?"

"ठेल्यावर. आज तू निवडजो. मी पिशवी धरतो."

दामिनी सासऱ्यासोबत बाजारात कधी गेली नव्हती. त्या घरात तशी रीतच नव्हती. दोघं चौकात पोहोचले तसा विश्वनाथ ओरडला, "काय काका, अननस पिकला का, माच उठला का?"

"उठला. गोडी नाही उठली. आज माहं आयकू नको, सुनबाई दाखवन तो दे."

दामिनीने घाई केली नाही. एक अननस तळहातावर तोलला, ठेवला. दुसऱ्याचं बूड नाकाशी नेलं, ठेवलं. तिसऱ्याचे डोळे पसरट होते, अंगठ्याखाली जरासं दबत होते. तिने तो उलटा करून सासऱ्यांच्या नाकाखाली धरला. "घ्या वास."

चंपतरावांनी डोळे मिटले, श्वास आत ओढला. पलंगावर बसून ओढत, तसाच. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. विश्वनाथचं दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं.

"आज," ते म्हणाले.

घरी बाया अजून बसलेल्याच होत्या. तमाशा सोडून कोण जाणार? गोपिकाबाईंनी आंबट अननस गूळ-तिखट घालून चुलीवर चढवला होता. दामिनीने नवा सोलला, तिरप्या रेघा मारत डोळे काढले. रस मनगटावरून कोपरापर्यंत उतरला. चंपतराव शेजारी बसले आणि चाकू स्वतःकडे घेतला.

"बुडाकडे जास्त गोड असते म्हंतात नं?"

"हो मामाजी."

त्यांनी बुडाकडून चकत्या पाडायला सुरुवात केली आणि एकेक तिच्या ताटात टाकत गेले. ती खात गेली, जीभ चुरचुरेपर्यंत, हनुवटीवरून रस गळेपर्यंत, आणि कोणीही तिला पुरे म्हटलं नाही. चंपतरावांच्या वाट्याला शेंड्याजवळची शेवटची फिकी चकती आली. ती त्यांनी मीठ लावून, मांडी घालून, सावकाश खाल्ली.