काका, जरा मागं

फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून, वर बायकोची जुनी शाल बांधून मी स्वारगेटला भोरच्या एसटीत बसलो. मांडीवरचं गाठोडं बघून कंडक्टरनं विचारलं, "काय, देव नेताय का?" म्हटलं, "जवळपास." आत गवई बुवा होते. डोळे मिटलेले, उजवा हात छातीपासून सुटून वर निघालेला. मी तीस वर्षं मैफलींचे फोटो काढतोय, त्यातला लोकांनी सर्वांत डोक्यावर घेतलेला हा फोटो. पण तो नेत होतो बुवांच्या मागं धूसर दिसणाऱ्या माणसासाठी.

तो माणूस म्हणजे किसनकाका, राजगडाखालच्या गुंजवण्याचे. तरुणपणी बुवांच्या घरी कामाला आले, तिथंच सुराला कान तयार झाला आणि तानपुरा घेऊन मागं बसले ते बुवा जाईपर्यंत. गेल्या वर्षी किसनकाकाही गेले. महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, मंगलचा फोन आला. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि घरात वडलांचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा एक. "त्यात पोलिसांनी धरून आणल्यावानी दिसत्यात. आई म्हनती, वाजवतानाचा पायजे. तुमच्याकडं आसंलच की."

असणारच, असं मलाही वाटलं. वीस वर्षं तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर बसला होता! पंधरा दिवस निगेटिव्हच्या पेट्या उपसल्या. बुवा शेकड्यांनी निघाले. किसनकाका मात्र कुठं अर्धा कान, कुठं नुसती टोपी, बाकी अंधार. एकाही फोटोत चेहरा स्वच्छ नाही. मी लेन्सला शिव्या घातल्या, सभागृहांच्या दिव्यांना घातल्या. शेवटी त्यातल्या त्यात बरा म्हणून हाच फोटो मोठा करून घेतला.

मैफलीत फोटो काढणं ही एक चोरीच असते. फ्लॅश वापरायचा नाही, समेची वाट बघायची आणि तबल्याच्या थापेखाली बटण दाबायचं, म्हणजे आवाज लपतो. एकदा माझा अंदाज चुकला आणि ऐन शांततेत 'खट्' झालं. थोर सतारिये होते. त्यांनी तारेवरचा हात उचलला आणि माझ्याकडं नुसतं पाहिलं. ती नजर आठवली की आजही घाम फुटतो. बुवा कधी रागावले नाहीत. त्यांना मी दिसतच नसे, त्यांना फक्त षड्ज दिसत असे. अशा माणसांसमोर बसून बसून आपणही थोडे थोर झालो, असं मला वाटायला लागलं होतं. खोटं कशाला सांगू?

नसरापूरच्या फाट्यावर उतरलो. मंगल तिच्या सासरहून, वरवे बुद्रुकहून, येऊन थांबलीच होती. चाळिशीची, डोक्यावर पदर, हातात पिशवी. तिथून पुढं वडाप (माणसं भरतील तशी सुटणारी जीप). माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून ड्रायव्हर म्हणाला, "गडावर का सायेब?"

"गडावर न्हाई, आमच्याकडं आल्यात," मंगल ठसक्यात म्हणाली.

दोन्ही बाजूंना भात कापून झालं होतं. मोकळ्या खाचरांत उडव्या (भाताच्या पेंढ्यांचे रचलेले ढीग) उभ्या होत्या. मार्गासनी सोडल्यावर रस्त्यानं आपले गुण दाखवले. एका खड्ड्यात जीप आदळली, सीटमागं रचलेलं कोंड्याचं पोतं माझ्या मांडीवर आलं आणि शालीत काच खळकन फुटली. मी ड्रायव्हरवर चांगलाच उखडलो. त्यानं मागं वळून विचारलं, "फोटूला लागलं का?" म्हटलं, नाही. "मग झालं की. काच काय, बाजारात मिळती." माणसाचं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

गुंजवण्यापाशी धरणाचं पाणी दिसलं, त्यावर राजगडाची सावली. मंगलनं बोट केलं. "त्या तिकडं आमचं खाचर हुतं. आता पानी."

घर दोन खोल्यांचं. किसनकाकांच्या बायकोनं, कोंडाबाईंनी, आधी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, खुरासणीची (कारळ्याची) चटणी आणि वालाची आमटी. मी हात धुवून येईपर्यंत त्या कॅमेऱ्याकडं निरखून बघत होत्या.

"म्हंजी तुमीच व्हय फोटूवाले सायेब! ह्ये लई सांगायचे तुमचं."

"काय सांगायचे?" मी जरा फुशारूनच विचारलं.

"म्हनायचे, फोटूवाले आले की म्या आपला मागं सरतो. भला मानूस हाय, त्येंना अडचन नको."

मला आठवलं. अगदी पहिल्या मैफलीत, बुवांच्या खांद्यापाशी टोपी आड येत होती, म्हणून मी स्टेजच्या कडेला जाऊन कुजबुजलो होतो, "काका, जरा मागं." एकदाच. आणि हा माणूस त्यानंतर वीस वर्षं, मला पाहिलं की न सांगता तानपुऱ्यासकट वीतभर मागं सरकत राहिला. अंधारात. मी लेन्सला शिव्या घालत होतो!

"काकू, चूक माझी आहे," मी म्हणालो. "त्यांना मीच मागं सारलं. माझ्याकडं त्यांचा एकही धड फोटो नाही."

कोंडाबाईंनी शाल सोडली, काचा सुपात काढल्या आणि फोटो उजेडाला धरला. मला वाटलं, विचारतील, ह्यात आमचे कुठं? पण त्यांचं बोट थेट त्या धुरकट ठिपक्यावर गेलं.

"ह्ये बग. मान बग कशी डावीकडं. सूर लागला की अशीच पडायची." मग त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. बुवांच्या खांद्यालगत, तानपुऱ्याच्या तारेवर, दोन बोटं आली होती. तेवढीच लख्ख. इतक्या वर्षांत ती बोटं मी पाहिली नव्हती. "ह्ये नख फुटल्यालं. विळ्यानं. भात कापाय आले हुते तवाचं."

त्या उठल्या आणि फळीवरची कात्री घेऊन आल्या.

"आये, आगं काय करती? सायेबांचा नावाजल्याला फोटू हाय त्यो!"

"बुवांचं फोटू लई असत्याल. ह्यांचा येवढाच हाय." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कापू का?"

माझा जीव खालीवर झाला, हे कबूल करतो. पण मान डोलावली. कात्री वरून सरळ खाली आली, बोटांपाशी थांबली आणि वळसा घालून बुवांच्या खांद्यात शिरली. खांदा गेला, बोटांना धक्का लागला नाही. उरलेले बुवा त्यांनी पदरानं पुसून माझ्या हातात दिले.

"ह्ये तुमी न्या. बुवा मोठं मानूस. हितं ठिवलं तर ह्ये पुन्ना मागं सरत्याल."

मला रडू आलं. मंगलनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

परतीच्या एसटीत बुवा शालीत होते, हलके झालेले. घरी ते आता तसेच टांगलेत, काचेशिवाय. येणारा प्रत्येक जण विचारतो, अहो, बुवांच्या खांद्याला काय झालं? मी सांगतो, तिथं किसनकाकांची बोटं होती. मग किसनकाका कोण, ते सांगावं लागतं.

परवा पुण्यात एक मैफल होती. मागं तानपुऱ्यावर एक प्रौढ बाई बसल्या होत्या. गाणं सुरू व्हायचं होतं. मी कॅमेरा उचलला तशा त्या ओशाळं हसल्या आणि वीतभर मागं सरकल्या.

मी कॅमेरा खाली ठेवला, स्टेजच्या कडेला गेलो आणि कुजबुजलो, "ताई, जरा पुढं."