अम्मीच्या तोंडून खदिजा

खदिजा होडेकरची अम्मी वारली, चाळिसावा झाला, पाहुणे आपापल्या घरी गेले. पण आखातातल्या अरादच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अम्मीचं बोलणं काही थांबलं नाही. ते भर दुपारी यायचं, एसी घरघरत असताना. खदिजाने काही बोलायला तोंड उघडलं, की तिच्या वाक्यापाठोपाठ कानात अम्मीचा आवाज उमटायचा, "ती म्हणत्येय, पाणी हवंय." "ती म्हणत्येय, पडदा ओढा."

एकेचाळीस वर्षं हेच चाललं होतं, त्यामुळे सवय म्हणावी तर सवयच. जन्मताना खदिजाचा श्वास अडकला होता. हातपाय तिच्या ताब्यात राहिले नाहीत, जीभही राहिली नाही. डोकं मात्र लख्ख. धाकट्या भावाची, हारूनची, शाळेची पुस्तकं समोरून उलटी बघत ती मराठी वाचायला शिकली, मग इंग्रजी. पण तिचं बोलणं म्हणजे बाहेरच्या माणसाला नुसता घशातला आवाज. तो कळायचा अम्मीला. डॉक्टर असो, शेजारीण असो, व्हिसाचं काम करणारा एजंट असो, सगळे प्रश्न खदिजाला विचारत आणि उत्तरासाठी अम्मीच्या तोंडाकडे बघत.

अम्मी नेहमी खरंच सांगायची असं नाही.

खदिजा बावीस वर्षांची असताना एक बाई घरी आल्या होत्या. अपंग मुलींना कॉम्प्युटर शिकवण्याचा वर्ग होता, आठवड्यातून चार दिवस, न्यायला-आणायला गाडी. खदिजा खुर्चीत पुढे झुकून म्हणाली होती, "जायचंय. उद्यापासून जायचंय." अम्मीने तिच्या ओठांवरची लाळ पुसली आणि बाईंना म्हणाली, "ती म्हणत्येय, नको. भीती वाटते तिला." बाईंनी मान हलवून वहीत काहीतरी लिहिलं. खदिजा ओरडली, तर अम्मी म्हणाली, "बघा, नुसत्या विचाराने कशी घाबरली."

पुढे स्मार्टफोन आला. उजव्या हाताच्या करंगळीच्या पेराने एकेक अक्षर दाबत खदिजा लिहू लागली. पण एका वाक्याला पाच मिनिटं लागत आणि एवढा धीर कुणाला? अम्मी शेजारी असताना तर कुणालाच नाही.

अम्मी गेली तेव्हा रत्नागिरीचा एक फ्लॅट खदिजाच्या नावावर होता. अम्मीने जिवंतपणीच तो तिला हिबा, म्हणजे बक्षीस, करून दिला होता. आता व्यवस्था लावायला हवी होती. हारून एका शिपिंग कंपनीत क्लार्क होता. बायको मुलीच्या शिक्षणासाठी चिपळूणला राहायची. त्याला रक्तदाबाचा त्रास होता, आणि आपल्यामागे आपाचं काय, ह्या काळजीने तो अर्धा झाला होता. कुणीतरी सुचवलं म्हणून तो तिला सनाबिस भागात शिवदास नाचणकरांच्या ऑफिसात घेऊन गेला. इथल्या भारतीयांची गावाकडची कागदपत्रं ते करून देत.

नाचणकरांनी चहा मागवला, फाईल उघडली. "सोपं आहे, हारूनभाई. तुम्ही बहिणीसाठी ट्रस्ट करा. फ्लॅट ट्रस्टमध्ये जाईल, तुम्ही विश्वस्त. भाड्यातून हिची देखभाल."

खदिजा काहीतरी बोलली.

"काय म्हणतात ह्या?" नाचणकरांनी हारूनला विचारलं.

हारूनला ते कळलं होतं. तो गोंधळून म्हणाला, "ती म्हणत्येय..." तोच हेल. 'म्हणत्येय'वर जराशी रेंगाळलेली तीच जीभ. अम्मी हारूनच्या तोंडात येऊन बसली होती.

तिने हात उचलून त्याला थांबवलं. मांडीवरच्या फोनवर ती लिहू लागली. नाचणकरांनी घड्याळ पाहिलं, चहा संपवला, एक फोन घेतला. शेवटी तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली: 'फ्लॅट माझा आहे. ट्रस्ट मी करणार.'

नाचणकरांनी रिकामा कप बाजूला सारला. "मॅडम, आमच्याकडचा मसुदा आईबापांनी मुलासाठी करायचा, नाहीतर पालकाने करायचा, असाच आहे. ज्याच्यासाठी ट्रस्ट, त्यानेच तो करायचा, असं माझ्याकडे कुणी आलंच नाही." त्यांनी कपाटातून पुस्तक काढून पानं चाळली. मग चष्मा कपाळावर चढवला. "पण कायदा आडवा येत नाही. माणूस सज्ञान हवा आणि समज शाबूत हवी. तुमचे जुने कागद आणा. सगळे."

सगळे कागद अम्मीच्या कपाटात होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत. शुक्रवारी दुपारी विशाखा आली असताना खदिजाने ते बाहेर काढायला लावले. विशाखा खेडची. आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घ्यायला यायची, आणि सहा वर्षांत खदिजाचं बोलणं तिला बऱ्यापैकी उमगू लागलं होतं. हारून जुम्म्याची नमाज पढून नुकताच आला होता. विशाखा एकेक कागद खदिजासमोर धरत होती. जन्माचा दाखला. जुने पासपोर्ट. शाळेत प्रवेश नाकारल्याचं पत्र. मग एक पिवळट कागद आला, आणि विशाखाने तो अर्ध्यावरून परत खाली घेतला.

"दाखव," खदिजा म्हणाली.

कुठल्याशा खाजगी दवाखान्याचं ते सर्टिफिकेट होतं, खदिजा वीस वर्षांची असतानाचं. इंग्रजीत चार ओळी होत्या. हिला समज नाही. ही स्वतःविषयी कोणताही निर्णय घेऊ शकत नाही. ही आयुष्यभर आईवर अवलंबून राहील. खाली डॉक्टरची सही, आणि त्याखाली अम्मीची, उर्दूत, 'रशीदा'.

हारून दारात उभा होता. त्याने कागद लांबूनच ओळखला.

"आपा, अब्बा हयात होते तेव्हा. तू सज्ञान झाल्यामुळे त्यांच्या व्हिसावर राहशील की नाही, असा प्रश्न आला होता," तो म्हणाला. "एजंटने सांगितलं, असा कागद जोडा म्हणजे पोरीला कुणी परत पाठवणार नाही. खरं की खोटं, त्यालाच ठाऊक. दवाखान्यात मीच गेलो होतो फाईल घेऊन. सतरा वर्षांचा होतो."

"तुला माहीत होतं?" हे त्याला उलगडून सांगायला कुणी लागलं नाही.

"अम्मीने कुराणाची शपथ घातली होती. म्हणाली, आपाला कळलं तर ती मला कधी माफ नाही करणार."

खदिजा पुढचे कितीतरी दिवस बोलली नाही. आता तो आवाज तिने तोंड न उघडताही यायला लागला. खिडकीजवळ बसली, की मागून यायचं, "ती म्हणत्येय, मला घरातच बरं वाटतं." जेवताना यायचं, "ती म्हणत्येय, मला काही नको." आणि त्याहून भयंकर म्हणजे, ह्यांतलं कुठलं वाक्य आपण खरंच बोललो होतो, हे तिला आठवेना. लग्नाची गोष्ट एकदा निघाली होती. तेव्हा नको कोण म्हणालं? मक्केला सगळे निघाले तेव्हा मागे राहते असं कोण म्हणालं? जगाला जी खदिजा ठाऊक होती, ती गरीब, भित्री, समाधानी बाई, ती कुणी बोलून बोलून उभी केली होती आणि ती ह्याच घरात, तिच्याच खुर्चीत बसून होती. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तिने प्रयत्न केला. भांडणही अम्मीच पुरं करायची: "ती म्हणत्येय, अम्मी, तू केलंस ते बरोबरच."

कधी कधी तिला अम्मीचे हातही आठवत. रोज केस विंचरणारे, चाळीस वर्षं एकदाही न कंटाळलेले. तेव्हा रागाला धरायला जागा उरायची नाही.

नाचणकरांनी सर्टिफिकेट दोनदा वाचलं. "हे असताना तुमच्या सहीला किंमत नाही," ते हळूच म्हणाले. "उद्या कुणी कोर्टात गेलं तर हा एक कागद पुरे. नवी तपासणी लागेल."

खदिजाने विचारलं, "जुना फाडता येत नाही?" ह्या वेळी सोबत आलेल्या विशाखाने ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"नाही, मॅडम. फाईलमध्ये राहणार तो. आपण त्याच्यावर नवा ठेवू."

तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या, साठीच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी हारूनला आत येऊ दिलं, पण कोपऱ्यात बसवलं. "तुम्ही बोलायचं नाही," एवढं बजावलं. मग वार विचारला, महिना विचारला, पैशाचे साधे हिशेब विचारले. खदिजा फोनवर इंग्रजीत लिहीत गेली. बाई थांबत गेल्या. खिडकीबाहेर ऊन पांढरंफटक होतं.

"भावाने भाडं स्वतःच वापरलं तर काय कराल?"

'आधी भांडेन. मग दुसऱ्या विश्वस्ताला सांगेन. म्हणून तर दोघं ठेवतेय.'

बाई हसल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि त्याने काही खाल्लं नाही, चोरलं नाही, तुमचं भलं व्हावं म्हणूनच तुमच्या मनाविरुद्ध काही केलं तर?"

खदिजाचा हात थांबला. आवाज अगदी जवळून आला, अत्तराचा वास यावा इतक्या जवळून. "ती म्हणत्येय, भाऊ करेल ते बरोबर. ती म्हणत्येय, तिला काय कळतं." हारून कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता, त्याचे ओठ मिटलेले होते. म्हणजे हे त्याचं नव्हतं. खदिजाचा फोन मांडीवरून दोनदा खाली पडला. बाईंनी दोन्ही वेळा तो उचलून परत मांडीवर ठेवला, आणि एका शब्दानेही घाई केली नाही. आवाज बोलत राहिला. त्याच्या बोलण्याखालून, त्याला न जुमानता, खदिजाने एकेक अक्षर दाबलं. बारा मिनिटं लागली.

'हा कागद तसं होऊ नये म्हणूनच करतेय. ज्यांनी माझं भलं केलं, त्यांनीच मला कधी विचारलं नाही.'

बाईंनी ते वाचलं, आणि हारूनकडे न बघता आपल्या नोंदीत शब्दशः उतरवून घेतलं.

ट्रस्टच्या मसुद्यात विश्वस्त म्हणून हारून आणि विशाखा, दोघांची नावं आली. विशाखाने आधी काचकूच केली. "मी परकी ना, खदिजाताई," ती म्हणाली. "म्हणूनच," खदिजाने लिहिलं. एक कलम खदिजाने स्वतः घातलं, तीन दिवस खपून: 'माझं बोलणं दुसऱ्या कुणी सांगितलं, तर ते माझ्यासमोर लिहून मला दाखवावं, आणि मी हो म्हटल्यावरच माझं मानावं.' नाचणकर म्हणाले, असं कलम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

सहीच्या दिवशी हारूनने तिचा हात धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. सही कागदभर पसरली, चौकटीबाहेर गेली. परतताना त्याने गाडी सिग्नलला थांबवली. मग म्हणाला, "आपा, त्या कॉम्प्युटरच्या वर्गाला तुला जायचं होतं ना? मला तेव्हाच कळलं होतं. तू 'उद्यापासून' म्हणाली होतीस."

खदिजाने मान हलवली. मग दोघंही रडली, आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला.

रत्नागिरीत नोंदणी व्हायला तीन महिने लागले. अम्मीचा आवाज अजूनही येतो. पूर्वीसारखा रोज नाही, पण येतो, आणि खदिजा त्याला कधी उत्तर देते, कधी देत नाही. विश्वस्तांची पहिली बैठक एप्रिलमध्ये अरादच्याच घरात झाली. हारून म्हणाला, फ्लॅट जुना झालाय, चांगली किंमत येतेय, विकून टाकू. विशाखा म्हणाली, भाडं नियमित येतंय, ठेवू. दोघं जरा तावातावाने बोलली, मग थांबली आणि खदिजाकडे वळली. खदिजा लिहू लागली. हारूनने काही सुचवलं नाही. उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

'विकायचा नाही. भाडेकरूने दोनदा कळवलंय, स्वयंपाकघरातला नळ गळतो. आधी तो बदलून द्या.'